गाळलेल्या हाका

१

सकाळी नऊला जागेवर बसले की मी आधी तक्रारी उघडते, चहा मग. आमच्या कंपनीचं काम सांगायला सोपं आहे. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांच्या गळ्यात आम्ही एक बटण देतो. पांढरं, बिस्किटाएवढं, वर रबराची टोपी. पडलं-झडलं, छातीत कळ आली, की ते दाबायचं. दाबलं की आमच्या सर्व्हरला एक एपीआय कॉल, म्हणजे यंत्राने यंत्राला धाडलेला निरोप, येतो. मी त्याला हाक म्हणते. हाक आली की खालच्या मजल्यावर कक्षात बसलेल्या बायका त्या बटणातूनच त्या माणसाशी बोलतात आणि गरज असेल तर गाडी पाठवतात.

माझा संबंध फक्त हाकांच्या मोजदादीशी. कुठल्या घरातून किती हाका आल्या, किती वाजता, उत्तर किती वेळात गेलं, याचे रिपोर्ट आणि चार्ट माझ्याकडे. लांब राहणाऱ्या मुलामुलींना आपल्या आईवडिलांच्या बटणाचा नंबर फिल्टरमध्ये टाकून तो चार्ट घरबसल्या बघता येतो. बरेच जण रोज बघतात. हाकेला उत्तर गेल्याची एक रेघ दिसली की त्यांचा दिवस बरा जातो.

त्या बुधवारी एकच तक्रार होती. ती घेऊन मैना स्वतः माझ्या टेबलाशी आली. मैना सपोर्टला बसते. खरं नाव वेगळं, पण एकदा बोलायला लागली की थांबत नाही म्हणून मैना.

"अगं, ही बाई तिसऱ्यांदा लिहितेय. आईच्या बटणाचा नंबर टाकला की चार्टच गायब होतो म्हणे. नंबर काढला की सगळ्या विभागाचा चार्ट छान दिसतो. तू बघ बाई. मी एकदा फोनवर बोलले, ती काही रागावत नाही, आणि तेच मला सहन होत नाही."

चार्ट गायब होण्याची कारणं मला तोंडपाठ आहेत. तारीख चुकते, नंबरात शून्याऐवजी भलतंच अक्षर पडतं, कधी ब्राउझर जुनंच पान दाखवत बसतो. दहा मिनिटांचं काम. मी बटणाचा नंबर टाकला. तीन आठवड्यांपूर्वीचा मंगळवार निवडला, तक्रारीत होता तो. चार्टच्या जागी पांढरी चौकट आली आणि तिच्यात बारीक अक्षरांत एक ओळ : दाखवण्यासारखी नोंद नाही.

चौकटीच्या वर मात्र, जिथे एकूण हाकांचा आकडा येतो, तिथे एक्केचाळीस लिहिलेलं होतं.

२

फिल्टर काढला. त्या दिवशी त्या विभागातल्या सगळ्या घरांच्या मिळून एकोणीस हाका होत्या.

फिल्टर लावला. एका घराच्या एक्केचाळीस.

मी चारपाचदा हेच केलं. गाळण्यातून गाळल्यावर चहा वाढेल कसा? शेवटी चहा आणायला उठले, कप भरला आणि तो तिथेच मशीनपाशी विसरून परत आले, कारण उत्तर मला वाटेतच सुचलं होतं.

चार्ट गाळून उरलेल्या हाकांवरून काढला जातो. वरचा आकडा मात्र, एकच बटण निवडलं की, न गाळलेल्या कच्च्या नोंदींवरून येतो. म्हणजे या घराच्या एक्केचाळीसच्या एक्केचाळीस हाका गाळल्या गेल्या होत्या. गाळणारा नियम माझा होता.

दोन वर्षांपूर्वी कुणाच्या तरी बटणात न्हाणीघरातलं पाणी शिरलं आणि त्याने एका दिवसात नऊशे हाका मारल्या. कक्षातल्या बायका रडकुंडीला आल्या. आमचे वरिष्ठ, ज्यांना सगळे कप्तान म्हणतात, माझ्या खुर्चीमागे उभे राहून म्हणाले, "संध्याकाळपर्यंत हे बंद झालं पाहिजे." मी चार ओळी लिहिल्या. दहा सेकंदांत पाच किंवा जास्त हाका आल्या, तर बटण बिघडलेलं समजायचं. त्या हाका कक्षाकडे पाठवायच्या नाहीत आणि चार्टमध्येही धरायच्या नाहीत.

बैठकीत कुणीतरी विचारलं होतं, खरंच कुणी दाबत असेल तर? मी म्हणाले होते, "माणूस एकदा दाबतो आणि वाट बघतो. असं लागोपाठ फक्त यंत्र दाबतं." सगळ्यांनी माना डोलावल्या. मला माझा तेव्हाचा आवाज आठवतो. फार खात्रीचा होता.

पाचवी ओळ राहिली होती. अशा घरी एकदा फोन करून बघायचा, ही ती ओळ. मी नियम उघडला. माझ्याच हातची टीप तिथे होती : "फोनचं नंतर."

मग मी कच्च्या नोंदी बघितल्या. पहिली हाक अकरा वाजून वीस मिनिटांनी. एका दमात पाच. थोडा खंड. परत सहा. खंड वाढत गेलेले, पण दाबणं तसंच, घाईघाईचं. शेवटची बारा वाजून पाच मिनिटांनी.

बिघडलेलं बटण दम खायला थांबत नाही. हे मला तेव्हाच कळलं. तरीही मी मनाशी म्हणाले, पाणी गेलं असेल.

३

तक्रार करणाऱ्या बाईला मला फोन करायचा नव्हता, पण मैनाने मला न विचारता जोडून दिला.

"थांबा हं, दोऱ्याचं टोक तेवढं घेते," पलीकडून बाई म्हणाली. "माझं शिवणाचं दुकान आहे. कपडे लांबआखूड करून देते. मशीन चालू राहिलं तर चालेल ना?"

"चालेल ना. बोला ताई."

"मला रिपोर्ट वगैरे काही कळत नाही हो. एकच विचारायचंय. माझी आई त्या मंगळवारी गेली. दुकानाच्या मागेच तिची खोली. मी दोनला जेवण घेऊन गेले तर स्वयंपाकघराच्या दारात आडवी. डॉक्टर म्हणाले, पडल्यावर तासभर तरी शुद्धीवर असणार."

मशीन घरघरत होतं. ती शिवता शिवता सांगत होती. तसंच सांगता येत असावं तिला.

"त्या दिवशी सकाळी मी तिला बोलले. ती सारखी दाबायची. टीव्हीचा रिमोट सापडत नाही, दाब. झाकण उघडत नाही, दाब. तुमच्या बायका बिचाऱ्या गोड बोलायच्या, पण मलाच लाज वाटायची. मी म्हटलं, आता उगाच दाबलंस तर ते लोक बटण काढून नेतील. सांगून मी मोठ्या बाजारात अस्तर आणायला गेले. आता मला एवढंच सांगा, तिने दाबलं होतं का?"

समोर पडद्यावर एक्केचाळीस होतं.

मी काय काय सांगू शकले असते, याची त्यानंतर मी पुष्कळदा उजळणी केली आहे. त्या वेळी माझ्या डोक्यात कप्तान होते, वकील होते, वर्तमानपत्र होतं आणि माझ्या चार ओळी होत्या.

"तशी नोंद दिसत नाहीये, ताई."

मशीन थांबलं.

"म्हणजे दाबलंच नाही," ती म्हणाली. "जन्मभर माझं एक ऐकलं नाही बघा तिने. आणि हे ऐकलं."

मी पडद्यावरच्या आकड्यावर तळहात ठेवला.

"बरं झालं तुम्ही स्पष्ट सांगितलंत. नाहीतर मी रोज तो चार्ट उघडून बसले असते. धन्यवाद हं."

फोन ठेवून मी पडद्याकडे पाहिलं. आकडा सेहेचाळीस झाला होता.

४

आकडे उशिरा वाढतात. नेटवर्क नसलं तर बटण आपल्या हाका पोटात साठवतं आणि जमेल तेव्हा सर्व्हरला पाठवतं. त्यांच्यावर वेळ मात्र जुनीच, दाबल्याची. मी हे ग्राहकांना शंभरदा समजावलंय, आता स्वतःला समजावलं. नव्या पाच हाका त्याच मंगळवारच्या होत्या, अकरा एकोणचाळीस आणि अकरा चाळीस यांच्यामधल्या. अडकून पडल्या असतील, आज निघाल्या असतील.

जेवणाच्या सुट्टीपर्यंत त्रेसष्ट झाले. तरीही शेवटची हाक बारा पाचचीच. आकडा पुढे कुठे सरकत नव्हता. तीच पाऊण तासाची फट आतून भरत चालली होती.

मी तळघरात सामान ठेवायच्या खोलीत गेले. तिथे आमचे मामा बसतात. कुणाचेच मामा नाहीत, सगळ्यांचे मामा. परत आलेली बटणं तेच सांभाळतात. नंबर सांगितला तसे ते शिडीवर चढले आणि वरच्या फळीवरून एक प्लॅस्टिकची पिशवी काढून दिली.

"हे चालू आहे का हो मामा?"

"चालू कसं असेल? आलं त्याच दिवशी बॅटरी काढली मी. ती बघा, त्या डब्यात." त्यांनी एक डबा हलवून दाखवला. "पोरगी स्वतः देऊन गेली. पुसून आणलं होतं. दोरीसुद्धा धुतलेली."

मी बटण पिशवीतून काढून हातावर घेतलं. मागचं झाकण उघडं, आत बॅटरीची रिकामी खाच. उलटं करून बघितलं. रबराची टोपी खाली बसलेली होती, बोट ठेवून दाबावी तशी. मी नखाने ती वर उचकटायला बघितली.

"अडकलीय," मी म्हणाले.

"बघू." मामांनी चष्मा वर केला. "कुठे अडकलीय? ठीक तर आहे."

खरंच ठीक होती, वर आलेली. मी बटण पटकन पिशवीत टाकलं. पिशवीचं तोंड मामांनी बांधलं, आणि बांधताना ते एकदम थांबून फळीकडे बघू लागले.

"उंदीर झालेत वाटतं," ते म्हणाले. "टकटक येतेय ऐकू."

मला काहीच ऐकू येत नव्हतं.

५

मी कप्तानांच्या खोलीत गेले आणि अर्धं सांगितलं. जुन्या दिवसात नव्या हाका पडताहेत एवढंच. नियमाचं सांगितलं नाही. त्यांनीच विचारलं, "ही तीच ना, मैना सांगत होती ती, वारलेली बाई? तिच्या मुलीला काय सांगितलंस?"

"नोंद नाही म्हणून."

त्यांनी माझ्याकडे जरा जास्त वेळ बघितलं. त्यांना सगळं कळलं असं मला वाटलं. मग ते म्हणाले, "मग नोंद नसलेलीच बरी. त्या बटणाचा तो दिवस पुसून टाक. झालेला दिवस आहे तो. वाढतोय कशाला?"

मी पुसला. हे मला नीट लिहायचं आहे : त्यांनी सांगितलं म्हणून मी पुसला नाही. मला पुसायचाच होता, त्यांनी फक्त सांगायची सोय केली. आकडा शून्यावर आला. इतकं हलकं वाटलं की मैनाबरोबर मी दोन कप चहा प्यायले आणि तिच्या एका फालतू विनोदावर हसलेही.

संध्याकाळी घरी आले. सासूबाई अंघोळीला गेल्या होत्या. मी न्हाणीघरालगतच्या खोलीत वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत बसले. घर अगदी शांत होतं. मला ते आवडलं. दिवसभराच्या त्या सगळ्या आकड्यांनंतर कानांना आराम पडला.

नवरा बाहेरून आला तो धावतच. पिशवी दारात टाकून सरळ न्हाणीघराकडे.

"अगं, तू बहिरी झालीस का? आई दार बडवतेय! खाली जिन्यापर्यंत ऐकू येतंय!"

कडी अडकली होती. त्याने खांदा लावून दार उघडलं. सासूबाई टॉवेल गुंडाळून स्टुलावर बसल्या होत्या. मूठ लाल झाली होती. माझ्यापासून त्या पाच पावलांवर होत्या.

"किती हाका मारल्या गं तुला," त्या म्हणाल्या. "सारख्या मारत होते." मग माझा चेहरा बघून त्याच माझी समजूत घालू लागल्या. "असू दे. पाण्याच्या आवाजात नसेल आलं ऐकू."

नळ बंद होता.

जेवताना मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहिले. सेकंदाचा काटा फिरत होता. या घड्याळाची टिकटिक एवढी मोठी की पाहुणे आले की आम्ही ते आत नेऊन ठेवतो. मी कान देऊन बसले. काटा फिरत होता आणि खोलीत काही म्हणजे काही आवाज नव्हता. नवऱ्याने "मीठ दे" म्हटलेलं स्वच्छ ऐकू आलं. तो टेबलावर बोटांनी ताल धरून होता, त्याचा आवाज मात्र नाही.

सर्दी होणार असेल, कान दडले असतील, असं मी म्हणाले. कुणी विचारलं नव्हतं.

६

गुरुवारी सकाळी पुसलेल्या मंगळवारी एकशे अठरा हाका होत्या.

आता मात्र माझ्याकडे कारण उरलं नव्हतं. बटणात बॅटरी नव्हती आणि तोपर्यंत आलेलं सगळं मी पुसलं होतं. मी पाच मिनिटं पडद्यासमोर बसले आणि त्या पाच मिनिटांत त्या एकशे सव्वीस झाल्या. अकरा बावन्नला तीन, अकरा चोपन्नला पाच. मला एवढंच कळत होतं की ते अकरा वीस ते बारा पाच अजून कुठेतरी चालू आहेत आणि तिथे कुणी उत्तर द्यायला गेलेलं नाही.

मी खालच्या मजल्यावर कक्षात गेले. तिथल्या सगळ्यांत जुन्या बाईला आक्का म्हणतात. वीस वर्षं लोकांच्या घाबरलेल्या हाका ऐकूनही त्यांचा आवाज जराही चढत नाही. मी त्यांना नंबर दिला.

"हे तर बंद दाखवतंय," त्या म्हणाल्या. "परत आलेलं ना?"

"तरी जोडून बघा. माझ्यासाठी."

त्यांनी हेडफोनचा एक कान मला दिला, एक स्वतः लावला, आणि जोडलं. लागायला नको होतं ते लागलं. पडद्यावर आवाजाची हिरवी पट्टी नाचू लागली. वर खाली, वर खाली.

"हे काय टक् टक् टक् टक् चाललंय?" आक्का पुटपुटल्या. "कुणीतरी दाबतंय की."

माझ्या कानात पूर्ण शांतता होती. पट्टी नाचत होती, आक्कांचा चेहरा बदलत होता आणि मला काही ऐकू येत नव्हतं. मी दोन्ही हातांनी तो कान घट्ट धरला.

मग पट्टी थांबली. आणि त्या खंडात मला ऐकू आलं. आधी एक खोली. खोल्यांना आवाज असतो. फरशीचा, भांड्यांचा, अर्धवट लावलेल्या खिडकीचा. त्यात अगदी जमिनीलगत चाललेला श्वास. मी बोलायला तोंड उघडलं. माझा श्वासच पलीकडे गेला असावा, कारण तिकडचा श्वास एकदम अडखळला.

"आलीस?"

म्हाताऱ्या बाईचा आवाज. रागाचा नव्हता, त्यात केवढी तरी सुटका होती. दुपारी उशीर केलेल्या मुलीला दार उघडताना आई म्हणेल तसा.

मी म्हणाले, "आले."

का म्हणाले, मला सांगता येत नाही. दुसरं काय म्हणायचं होतं? पट्टी सपाट झाली. नंबर पुन्हा बंद दाखवू लागला. आक्कांनी त्यांच्या कानातलं आधीच काढून टेबलावर ठेवलं होतं. त्या पदराने हात पुसत होत्या, पुन्हा पुन्हा.

"तू कुणाला कबूल केलंस ते?" त्यांनी विचारलं.

मी वर जाऊन नियम काढून टाकला. मग एका कागदावर सगळं लिहिलं. चार ओळी, न लिहिलेली पाचवी, एक्केचाळीस, फोनवरचं खोटं, पुसलेला दिवस. खाली सही केली आणि कागद कप्तानांच्या हातात दिला. त्यांनी उभ्या उभ्या वाचला.

"स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेतेयस," ते म्हणाले. आवाज मात्र बारीक झाला होता. "आता कुठे निघालीस?"

"आले म्हणून सांगितलंय," मी म्हणाले.

७

दुकान एका अरुंद रस्त्याला वळणावर होतं. दारात दोन पँटी टांगलेल्या, काचेवर खडूने लिहिलेलं : चेन बदलून मिळेल. आत पन्नाशीची, बारीक अंगाची बाई मशीनवर वाकली होती. तिचे पाय चालत होते, सुई वरखाली होत होती. आवाज नव्हता.

"मी बटणवाल्या कंपनीतून आलेय," मी म्हणाले. "आपण काल बोललो."

"अय्या, एवढ्या लांब कशाला आलात?" तिने मशीन थांबवलं. "बसा. आत बसू या, इथे धागेच धागे आहेत."

मागची खोली तिच्या आईची. पलंग, टीव्ही, खिडकीत एक रोप, पाणी घातलेलं. पलीकडे स्वयंपाकघराचं दार. ती पाणी आणायला आत गेली, आणि जाताना त्या दारात तिने लांब पाऊल टाकलं, मध्ये काही ओलांडून जावं तसं. येताना परत तसंच, हातात भरलेला पेला, पाय उंच उचललेला.

माझी नजर तिने पाहिली. "तिथेच होती ती," ती म्हणाली. "तीन आठवडे झाले, पाय टाकवत नाही तिथे. सवयच लागलीय ओलांडायची."

मी पाणी घेतलं नाही. बसलेही नाही. सगळं सांगितलं. आधी सांगायचं ठरवलेलं सगळं वाटेतच विसरले होते, त्यामुळे वाकडंतिकडं, मागचं पुढे असं सांगितलं. तुमच्या आईने दाबलं होतं. माझ्या नियमाने ते गाळलं. काल मला माहीत होतं आणि मी नाही म्हटलं.

ती पलंगाच्या कडेला बसली होती. झग्याच्या कॉलरला टोचलेल्या टाचण्या तिने एकेक करून काढल्या आणि परत एकेक करून टोचल्या.

"किती वेळा?"

"पहिल्यांदा बघितलं तेव्हा एक्केचाळीस होत्या. नंतर…" मी थांबले. "नंतर मी ते पुसलं. आता खरा आकडा कुणालाच सांगता येणार नाही. तेही माझ्यामुळे."

"एक्केचाळीस." तिच्या तोंडातून एक आवाज निघाला. मला वाटलं रडतेय, पण ती हसत होती आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. "बघा. नाहीच ऐकलं माझं. एक्केचाळीस वेळा नाही ऐकलं!"

बऱ्याच वेळाने तिने डोळे पुसले. तेव्हा तिचा चेहरा वेगळा होता, आणि तो बघायला मी तिथे नसते तर बरं झालं असतं.

"तुम्हाला मी माफ वगैरे करणार नाही," ती शांतपणे म्हणाली. "ते तुम्ही मागू नका."

"नाही मागत."

"तक्रार करीन. लिहून पाहिजे मला सगळं."

"लिहिलंय. प्रत देते."

ती उठली, स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेली आणि जरा वेळ खाली बघत उभी राहिली. मग तिने त्या फरशीवर पाऊल टाकलं. पूर्ण, टाच टेकवून. काही झालं नाही. दुसरं पाऊल टाकलं, आत जाऊन आली, आणि येतानाही सरळ चालत आली. "दुकान उघडं आहे," असं म्हणून ती माझ्या बाजूने बाहेर निघून गेली. पेला तिथेच राहिला.

भरलेला पेला तसाच टाकून जाणं मला बरं वाटेना. मी तो उचलला आणि मोरीत ओतायला निघाले. दार तीन पावलांवर होतं. उन्हाचा एक पट्टा फरशीवर पडला होता, त्यात धूळ दिसत होती, आणि त्यात तिच्या चपलांचे आताचे ठसे. मी उंबऱ्यावर पाय ठेवला.

माझ्या घोट्याला काहीतरी लागलं.

मी खाली पाहिलं तेव्हा दाराच्या चौकटीआड, अगदी जमिनीलगत, एक मनगट मागे सरकल्यासारखं वाटलं. नीट दिसलं असं मी म्हणणार नाही. उन्हातून सावलीत बघताना डोळ्यांना काहीही वाटतं. पण घोट्यावरचं ते वाटणं नव्हतं. गार, सुरकुतलेला अंगठा. त्याने दाबलं. सोडलं. दाबलं. एका दमात पाच वेळा, मग थांबला, दम खाल्ला. परत सहा.

पेला हातातून सांडत होता. सगळं अंग पळ म्हणत होतं. बाहेर मशीन सुरू झालं, आणि त्याची घरघर मला ऐकू आली, एकेक टाका.

"अहो," दुकानातून तिने हाक मारली, "काय झालं? तिथे उभ्या का तुम्ही?"

अंगठा दाबत होता.

"इथेच आहे मी," मी म्हणाले, आणि पाय काढून घेतला नाही.